हडळीचे तीन खेळ

मामाच्या घरी सकाळी भाकरी थापायच्या आधी कागद कुटला जायचा. आदल्या दिवशी भिजत घातलेले कागद, त्यात वाटलेली मेथी, आणि उखळापाशी पदर खोचून उभी असलेली मामी. त्या मुसळाच्या धप्प धप्प आवाजानं मला जाग यायची. सगळ्या घराला मेथीचा कडवट आणि चिंचोक्याच्या खळीचा आंबूस असा मिळून एक वास असायचा, तो माझ्या शाळेच्या झग्यालाही यायचा आणि पोरी नाक धरायच्या. माझा रामामामा बोहाड्याची सोंगं करायचा. बोहाडा हा आमच्या जव्हार-मोखाड्याकडचा उत्सव. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचत येतात, आणि त्या मुखवट्याला आमच्याकडे सोंग म्हणतात. सोंगांसाठी लागणारा कागद संस्थानच्या कचेरीतून रद्दी म्हणून यायचा. जुने अर्ज, फाटक्या याद्या, कुणाच्या तरी बांधाच्या तक्रारी. मामी भिजवायच्या आधी मी ते सगळं वाचून काढायचे. 'हुजूरचरणी सविनय विनंती ऐसी जे' हे वाक्य मला धड्यातल्या कवितांच्या आधी पाठ झालं होतं. पुढे त्याच कागदाचं रावणाचं नाक व्हायचं.

मी पोशेऱ्याची. आमच्या पाड्यावर शाळा नव्हती, म्हणून आईनं हट्ट करून मला जव्हारला आपल्या भावाकडे ठेवलं होतं. बा या गोष्टीला राजी नव्हता आणि नाराजही नव्हता. चौथीपर्यंत शिकू दे, मग बघू, असं तो म्हणायचा, आणि त्या 'मग बघू'चा अर्थ मला चांगला ठाऊक होता, कारण शेजारच्या पाड्यावरून माझ्यासाठी विचारणा सुरू झाली होती. मला सातवीची फायनल पास व्हायचं होतं. हे मी फक्त मामीला सांगितलं होतं, तेही ती भाकरी भाजत असताना, म्हणजे तिचं लक्ष नसेल अशा वेळी. तिचं लक्ष होतं. तिनं नाचणीची गरम भाकरी माझ्या पानात टाकली, वर खुरासणीच्या चटणीचा जरा मोठाच गोळा ठेवला, आणि म्हणाली, "मग रडत कशाला सांगतीस? खा." मामीची माया अशी पानातूनच यायची, तोंडातून तिच्या कधी गोड शब्द निघाला नाही.

भाताची कापणी उरकून माणसं मोकळी झाली की जव्हारच्या माळावर कोणी ना कोणी तंबू ठोकायचं. त्या वर्षी दामूशेठ आले. गोल पोटाचे, सोनेरी काडीचा चष्मा लावणारे, आणि प्रत्येक वाक्य पत्र्याच्या कर्ण्यातून बोलल्यासारखं बोलणारे. मोठ्या शहरांतून तेव्हा मुका सिनेमा हद्दपार होत आला होता, त्यामुळे आमच्याकडे त्याचं उरलंसुरलं यायचं. दामूशेठांचा पहिला खेळ होता 'पडक्या विहिरीची हडळ'. त्यांना बाजाराच्या नाक्यावर लावायला मोठा फलक हवा होता. सोंगं करणारा माणूस गावात आहे म्हटल्यावर ते थेट आमच्या ओट्यावर आले. मामानं हडळीचं चित्र काढायचं कबूल केलं, पण अक्षरं त्याला येत नव्हती. "अक्षरं आमची येमी काढंल," तो म्हणाला. तोवर मी पाटीवरच लिहीत आले होते. वीतभर उंचीचा 'ह' रंगवून झाल्यावर मी चार वेळा रस्ता ओलांडून पलीकडून तो बघून आले.

खेळ दिवेलागणीला सुरू झाला. मध्ये दोरी बांधून एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहून दामूशेठ कर्ण्यातून गोष्ट सांगत होते, "रसिकहो, पाहा ही कराल कामिनी!" माझ्या शेजारची म्हातारी विचारत होती, "कामिनी कोण? हिचं नाव हडळ ना?" सिनेमा तसा सुमारच. हडळीचे केस तेल लावून चोपून बसवलेले, पाय आपल्यासारखेच सरळ, आणि ती दर वेळी त्याच एका वडाच्या त्याच एका फांदीमागून यायची. पण एक जागा त्यात होती. विहिरीच्या काठावरून हडळ उठते आणि काही न करता, हात खाली सोडून, सरळ आपल्याकडे चालत येते. हळू. पडद्यावर ती मोठी मोठी होत गेली, आणि त्या क्षणी माझा मामा उठून उभा राहिला. त्याच्यामागे त्याची रांग उठली, मग बाया उठल्या, आणि सगळा तंबू दोन्ही बाजूंना सरकून मध्ये चांगली बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. कोणी ओरडलं नाही. काही जणांनी हात जोडले. हडळ पडद्यावरून नाहीशी झाली तशी माणसं पुन्हा आपापल्या जागी बसली.

आमच्याकडच्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. बोहाड्यात सोंग समोरून आलं की वाट द्यायची असते. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी दोन बारीक भोकं असतात, आतल्या माणसाला पुढचं जेमतेम दिसतं, म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकतो, आणि त्या जपून टाकलेल्या पावलाचीच बघणाऱ्याला धडकी भरते. वाट द्यायची ती त्याला लागू नये म्हणून आणि देवाचा, राक्षसाचा मान म्हणूनही. ही सवय आमच्या अंगात इतकी मुरलेली की कापडावरच्या बाईलाही आम्ही ती देऊन मोकळे झालो. दामूशेठ मात्र लांब मुंबईकडचे. त्यांना पडद्याशेजारून एवढंच दिसलं, की हडळ पुढे आली आणि सगळा तंबू उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाचतच आमच्याकडे आले. "रामभाऊ, गावंच्या गावं फिरलो, पण असली दाणादाण कुठं उडाली नाही! दुसरा भाग मागवतो. फलकावर लिहा, पहिला भाग पाहून जव्हारची माणसं जीव मुठीत धरून पळाली." मामानं तोंड उघडलं, पण दामूशेठांच्या तोंडापुढे त्याचं काही चालेना. शेवटी तो माझ्याकडे बघत राहिला. कोणी पळालं नव्हतं हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण फळी नवी होती, दामूशेठांनी लाल रंगाचा अख्खा डबा आणला होता, आणि 'जीव मुठीत धरून' ही अक्षरं केवढी मोठी येतील हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी लिहिलं. एवढं सुरेख अक्षर मी पुन्हा आयुष्यात काढलं नसेल.

दुसरा भाग होता 'हडळीची लेक'. पहिल्या भागाच्या शेवटी हडळ जळून खाक झालेली, आणि हडळीला लेक कधी झाली, कोणापासून झाली, याचा पत्ता सिनेमा करणाऱ्यालाही नसावा. तोच वड, तीच फांदी, तीच विजेची लकाकी, आणि हडळीच्या पायात पैंजण. घरी येऊन उडदाची आमटी भुरकत मामानं त्या सिनेमाची जी सालटी काढली ती ऐकून मामी हसून हसून उठून परसात गेली. मामा म्हणाला, "पयल्या वेळंला ती आली तवा आमी उठलो. आता ती दर घटकेला येती. पावणा रोज यायला लागला तर कोण उठंल?" मग तो मला समजावून सांगू लागला. सोंगाचे दात रंगवताना सगळे दात दाखवायचे नसतात. जीभ एकदाच काढायची. सोंग येण्याच्या आधी संबळ जेवढा वेळ एकटा वाजतो तेवढा वेळ लोकांनी वाट बघितली पाहिजे. मी हे सगळं मनात टिपून ठेवत होते. आता माझी नात भुतांचे सिनेमे लावते आणि मला मुद्दाम शेजारी बसवते. परवाचा कुठलासा चौथा भाग होता. तिसऱ्यात जिची राख नदीत सोडली ती चौथ्यात इस्त्रीची साडी नेसून हजर. मी म्हटलं, "राख भिजली की हिला साडी फुटते का गं?" ती म्हणते, आजी, तू मजा घालवतेस. मला भुतांचा राग नाही, आळसानं केलेल्या भुतांचा आहे, हे तिला कसं सांगावं कळत नाही.

माझा लाल फलक नाक्यावर तसाच होता. बाजाराला आलेल्या कोणी तरी तो कोणाकडून तरी वाचून घेतला, आणि मोखाड्याच्या वाटेनं ते वाक्य चालू लागलं. पोशेऱ्याला पोचेपर्यंत त्यातला सिनेमा गळून पडला आणि उरली ती हडळ. जव्हारला हडळ आलीय, माणसं पळतायत. आईनं तीन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, ना स्वतःला ना बाला. चौथ्या दिवशी पहाटे निघून बा दिवस कलायच्या आत आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. पाय धुळीनं पांढरे, खांद्यावर घोंगडी.

"पोरीला नेतो," तो मामाला म्हणाला. पाणीसुद्धा त्यानं नंतर मागितलं.

मामा गडबडला. "दाजी, अहो कापडावरची हडळ ती. मुंबयची कोण बाई हाय, पीठ लावून नाचती."

"कापडावरची का असंना. माणसं पळाली ना?"

"नाय पळाली कोण."

"मग नाक्यावर लिवलंय ते? मी आता येताना एका मास्तरला इचारून आलो. लिवलंय तसंच." बा खाली बसला. "लिवलेलं खोटं कसं असंल, रामा? कचेरीतून कागद येतो, त्यावर लिवलंय तशी आपली जमीन असती. लिवलेलं खोटं असतं व्हय?"

मी दारात उभी होते. मामानं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तो मला दगा देणार नव्हता, सांगायचं असेल तर मीच सांगायचं होतं. गप्प राहिले तर उद्या सकाळी बाबरोबर जावं लागणार, आणि एकदा पोशेऱ्याला गेले की परीक्षा, चौथी, सातवी सगळं संपणार. आणि खरं सांगितलं तर? पोरगी शाळेत जाऊन खोटं लिहायला शिकली, हे ऐकल्यावर कुठला बाप तिला शाळेत ठेवील? मला दोन्हीकडून एकच वाट दिसत होती आणि ती पोशेऱ्याला जात होती. म्हणून मी मधलंच काही तरी बोलले. "बा, आज नवा खेळ आहे. तू एकदा बघ. मग ने."

हे सांगायला हवं, की हडळ-राक्षसिणीच्या बाबतीत माझा बा ऐरागैरा माणूस नव्हता. पोशेऱ्याच्या बोहाड्यात त्राटिकेचं सोंग आमच्या घराकडे होतं, आजोबांकडून त्याच्याकडे आलेलं. वर्षभर भातात आणि नाचणीत राबणारा, चार शब्दांपलीकडे न बोलणारा हा माणूस त्राटिका होऊन निघाला की बायका लेकरं पोटाशी धरायच्या. "बघतो," तो म्हणाला.

तिसरा खेळ म्हणजे पहिलाच सिनेमा नव्यानं काढलेला, 'बोलती हडळ'. दामूशेठांनी बोलपटाचं यंत्र कुठून तरी मिळवलं होतं आणि त्यांचा कर्णा आता रिकामा पडला होता. मी हट्टानं बाजवळ, दोरीला लागून बसले. हडळ आली आणि बोलू लागली. तिनं आपण कोण, कशी मेलो, कोणाचा सूड घेणार, हे सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मग विहिरीच्या रहाटाला धरून गाणं म्हटलं.

"ही बोलते कशाला?" बानं विचारलं.

"बोलपट आहे ना, बा."

"भुकेली राक्षसीण गाणं म्हणती व्हय?" तो जरा मोठ्यानंच म्हणाला. मागच्या रांगेत खसखस पिकली.

मग ती जागा आली. पण नव्या सिनेमावाल्यांना ते हळू चालणं पसंत पडलं नसावं. त्यांनी धूर सोडला, ढोल बडवले, हडळ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून किंचाळत आली आणि नाहीशी झाली. बा उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवून अर्धा वर झाला होता. तो तसाच खाली बसला. "उठावं म्हणलं, तवर गेली पण," तो पुटपुटला. सबंध जव्हारात त्या दिवशी कोणीच उठलं नाही.

परतताना मामा पुढे गेला, बहुधा मुद्दामच. बा म्हणाला, "असल्या बाईला बघून माणसं पळाली?"

"पहिल्या खेळातली वेगळी होती, बा. ती चांगली चालायची."

"मग तवा पळाली?"

"नाही. मामा उठला, मग सगळे उठले. वाट दिली. फलकावर पळाले म्हणून मी लिहिलं. ते माझं अक्षर आहे."

तो थांबला. काळोख दाट झाला होता, त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. "साळंत हे शिकिवतात?"

"शाळेत नाही शिकवलं. मला अक्षर मोठं काढायचं होतं, म्हणून मी लिहिलं." एवढं बोलून मी रडायला लागले. त्यानं मला जवळ घेतलं नाही, रागेही भरला नाही. घरी येऊन जेवला आणि घोंगडी पांघरून ओट्यावर पडला. मला त्या रात्री झोप लागली ती मामीनं पाठीवर हात ठेवल्यावर.

सकाळी उखळ वाजायच्या आधी बा उठला होता. मामीनं माझ्या दोन झग्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, तेही तिनं डोळे पुसतच बांधलं असणार. बा मला म्हणाला, "त्या फळीपाशी चल." आम्ही नाक्यावर गेलो. तो फलकासमोर उभा राहून त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. "हे तू हितं लिवलंस. आन तुझ्या पायानं तू पोशेऱ्याला आली नायस, पण हे आलं. तुझी आई ह्याच्यापायी तीन दिस जेवली नाय." मग फळीवर बोट ठेवून म्हणाला, "आता खरं लिव."

मी मामाचा चुन्याचा डबा आणला, फळी पांढरी केली आणि उन्हात वाळू दिली. तेवढ्यात दामूशेठ धावत आले. "अहो, हे काय! माझ्या पोटावर पाय देता काय?" बा त्यांच्याकडे वळला. "शेठ, तुमची हडळ चालत आली तवा ह्या लोकांनी तिला वाट दिली. आमच्यात मान म्हून देतात. तुमी त्यांना पळपुटं केलंत." दामूशेठांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ते पळत नव्हते? मान दिला? पडद्याला?" त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला. इतकी गावं फिरून त्यांच्या सिनेमाला मान कोणी दिला नव्हता बहुतेक. "लिही, पोरी, लिही," ते म्हणाले आणि तिथंच दगडावर बसले.

मी लिहिलं, की पहिल्या खेळात हडळ चालून येते तेवढे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या खेळात जुनेच तुकडे जोडले आहेत. तिसऱ्यात हडळ फार बोलते, त्यामुळे तिची वाट बघावी लागत नाही. जव्हारची माणसे पळाली नाहीत, त्यांनी वाट दिली.

"वाच," बा म्हणाला. मी वाचलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "वाईटच वाईट लिवलंस. त्या बोलत्या बाईचे हात बघितलेस? रहाट धरला तवा? हात चांगले होते तिचे. ते लिव." मी ते लिहिलं. पुढे शिक्षिका झाल्यावर मी शेकडो वह्या तपासल्या, आणि लाल पेन उचलताना दर वेळी आधी हात चांगले आहेत का ते बघितलं.

"परत वाच." मी वाचलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही वाचलं. ऊन चढायला लागलं होतं. मामी गाठोडं घेऊन नाक्यापर्यंत आली आणि म्हणाली, "दाजी, निघायचं तर आता निघा. घाटात पोर करपंल."

बानं गाठोड्याकडे बघितलं आणि घोंगडी खांद्यावर टाकली. "पोर ऱ्हाऊ दे हितंच. सातवी का काय ती होऊ दे. तिच्या आईला मी सांगतो." आणि तो वळून चालू लागला. मी थोडी वाट त्याच्यामागे धावत जाऊन त्याच्या बरोबरीला आले. त्याचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, तो मला काही म्हणतोय.

आईनं नंतर सांगितलं, की त्या दिवशी घरी पोचल्यावर त्यानं पायसुद्धा धुतले नाहीत. अंगणात पाड्यावरची माणसं जमली होती, हडळीचं काय झालं ते ऐकायला. बा मध्ये उभा राहिला आणि सगळा फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला, हात चांगले होते इथपर्यंत, एकही शब्द न चुकता. म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "हे आपल्या येमीनं लिवलंय."